बोंबलांना वारा लागतो

पायसने खाली उतरल्याबरोबर रस्त्याकडेचा मोठासा दगड उचलून मागच्या चाकाखाली लोटला, दुसरा आणून त्याला टेकवला, आणि तेवढं झाल्यावरच वाफेकडे पाहिलं. गाडीच्या मागच्या अंगातून पांढरे लोट उठत होते. हिरवट पाणी डांबरावरून उताराच्या दिशेने निघालं होतं. आत अख्खी गाडी एकाच वेळी बोलत होती.

“सगळ्यांनी डोंगराच्या बाजूला उतरा,” तो ओरडला. “दरीच्या बाजूला कुणी फोटो काढायला जायचं नाही.”

नेपाळला परदेश म्हणायचं की नाही, यावर ठाणं सोडल्यापासून गाडीत वाद चालला होता. डोंबिवलीच्या मंडळींचं म्हणणं, पासपोर्ट लागत नाही तो कसला परदेश. कोलशेतच्या कोळणींचं म्हणणं, नोटा वेगळ्या म्हणजे परदेशच. आता वालिंग नावाच्या गावाच्या अलीकडे, खाली नदी आणि वर डोंगर अशा जागी गाडी बंद पडली होती, आणि एकाही प्रवाशाच्या फोनला रेंज नव्हती. हा परदेश आहे यावर सगळ्यांचं चटकन एकमत झालं.

पायस वर्षानुवर्षं ठाण्याहून यात्रेच्या गाड्या नेत होता. माणूस ख्रिस्ती, पण अष्टविनायकापासून द्वारकेपर्यंतचे सगळे देव त्याला त्यांच्या पार्किंगवरून पाठ होते. डॅशबोर्डवर त्याने वेलंकनीची माता बसवलेली होती आणि कोलशेतच्या बायका गाडीत बसणार म्हणून या वेळी तिच्या शेजारी एकवीरा आई. दोघींच्या देखत गाडीने असा दगा द्यावा, याचं त्याला वाईट वाटलं.

वाफ ओसरल्यावर तो गाडीच्या मागच्या कोपऱ्याकडे गेला. तिथे जाळीची एक झडप होती आणि झडपेच्या आत रेडिएटर. बाहेरची हवा त्या जाळीतून आत ओढली जायची आणि इंजिनाचं पाणी गार व्हायचं. पायसने कापडाने हात गुंडाळून झडप उघडली. आत रेडिएटरला घट्ट चिकटून एक गोणपाटाचं पोतं बसलं होतं.

त्याने पोतं बाहेर ओढलं, आणि वास नाकात शिरला तसा तो जागच्या जागी हसला. हसायची वेळ नव्हती, पण इलाज नव्हता. त्याचं लहानपण उत्तनला, बांबूच्या वलांडींवर वाळत घातलेल्या बोंबलांखाली खेळण्यात गेलं होतं. हा वास त्याला झोपेतही ओळखता आला असता. बुटवलपासून प्रवाशांतल्या आसावरीबाई “कसला तरी वास येतोय हो दादा” म्हणत होत्या आणि तो “क्लचचा आहे बाई, चढावर येतो” म्हणून सांगत होता. कुणा कोळणीच्या पिशवीत चार बोंबील असतील, एवढंच त्याला वाटलं होतं. पोतं असेल असं वाटलं नव्हतं.

“भाजले काय रे?”

मागे भागीरथी उभी होती. कोलशेतच्या बायकांची ही म्होरकी, ठाण्याच्या बाजारात मासळी विकून हयात गेलेली. पायसही तिच्याकडूनच मासळी घ्यायचा.

“मावशे, हे तुझं?”

“बोंबील हाय. न् थोरी सुकट.”

“ते कळलं मला. इथं कुणी ठेवलं?”

“मीच. सकालच्याला तुम्ही सगले बॉर्डरवर कागद दावायला गेलते तवा. आधी डिकीत ठेवलंलं, पण पोत्याला घाम सुटला. बोंबलांना वारा लागतो, नायतर कुबट होतात. गारी चालूच होती, ही जाली बगितली. हात लावला तं वारा असा आत खेचत होता, मना बरं वाटलं.”

“तो वारा इंजिनाचा होता, मावशे.”

भागीरथीने पोत्याकडे पाहिलं, मग रस्त्यावरून वाहणाऱ्या हिरव्या पाण्याकडे. तिला यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण कुणाच्या तोंडचा घास कुणी खाल्ला, हे कळायला वेळ लागला नाही.

“म्हंजे गारी माझ्यामुलं बंद परली?”

सपाटीवर गाडीने कसंबसं निभावलं होतं. चढ लागल्यावर इंजिन तापत गेलं आणि शेवटी वरचा जाड रबरी पाइप फुटला. काटा लाल रेषेकडे सरकताना पायसने पाहिला होता, पण थांबायला जागाच मिळाली नव्हती. त्याला तिचा राग आला. तिच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर तो राग टिकवणं मात्र त्याला जमलं नाही.

पलीकडून जयेशच्या चपलांचा आवाज आला. पायसने पोतं पायाने हत्यारांच्या पेटीमागे सारलं आणि वर ताडपत्री टाकली.

जयेश डोंबिवलीचा. सहल त्याची, नियमही त्याचे. अर्धी गाडी शाकाहारी, त्यात देवदर्शन, म्हणून मासळीचा कणही गाडीत चढणार नाही, असं त्याने निघतानाच जाहीर केलं होतं. त्यावर कोळणींनी माना डोलावल्या होत्या आणि एकमेकींकडे पाहिलं होतं.

“काय झालं, अंकल?”

“पाइप फुटला.”

हे खरंच होतं. पायसने पुढे काही जोडलं नाही.

“मग आता?”

“पाइप मिळाला तर बसवतो. पण एक सांगतो. इंजिन एवढं तापलं, आता पुढचे चढ नकोत. पोखऱ्याचा नाद सोड. मागे फिरून बुटवलला उतरू, नारायणगढला मुक्काम करू, उद्या तिथून काठमांडू. आणि उजेड आहे तोवर हा घाट उतरायला पाहिजे.”

“पोखरा कॅन्सल?” जयेशने डोकं धरलं. “लोक माझा जीव घेतील.”

कुणी त्याचा जीव घेतला नाही. उलट आसावरीबाईंना मनातून बरंच वाटलं. त्या निवृत्त शिक्षिका. सोमवारचे उपास वर्षानुवर्षं केलेले, आणि पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायचं तर सोमवारी सकाळीच, हे त्यांनी नोकरीत असल्यापासून मनात धरलेलं. पोखऱ्याच्या मुक्कामामुळे ते मंगळवारवर गेलं होतं आणि त्यावरून त्यांचं जयेशशी ठाण्यातच वाजलं होतं. उद्या सोमवार होता.

“म्हणजे उद्या सकाळी पोचू ना?” त्यांनी घड्याळाकडे बघत विचारलं. घड्याळ त्यांनी अजून भारताच्या वेळेवरच ठेवलं होतं.

“इथून वेळेवर निघालो तर पोचू, बाई,” पायस म्हणाला.

वळून पाहतो तर भागीरथी चाकाला टेकवलेल्या दगडावर बसलेली. पदराचं टोक तोंडात धरून ती पोखऱ्याच्या दिशेच्या रस्त्याकडे बघत होती. गाडी आपल्यामुळे बंद पडल्याचं कळलं तेव्हाही तिचा चेहरा असा झाला नव्हता.

“मावशे, काय झालं? मी कुणाला सांगितलं नाही.”

“ते नाय रे.” तिने त्याच रस्त्याकडे बोट केलं. “पोखऱ्याला माझी मेघाली असते.”

मग पायसला आठवलं. सगळ्या कोलशेतला ठाऊक असलेली गोष्ट होती ती. घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलात टेकबहादूर नावाचा नेपाळी स्वयंपाकी होता. रोज सकाळी भागीरथीच्या टोपलीवर मासळी घ्यायला यायचा. टोपलीमागे तिची मुलगी बसलेली असायची. माल निवडता निवडता दोघांनी एकमेकांना निवडलं आणि भागीरथीच्या ते सगळ्यात शेवटी लक्षात आलं. लग्न करून दोघांनी पोखऱ्यात हॉटेल काढलं. भागीरथीचा नवरा दामाजी तांडेल, म्हणजे होडीवर सगळ्यांनी ज्याचं ऐकायचं असा माणूस. त्याने सांगून टाकलं, या घरात तिचं नाव निघणार नाही आणि या घरातून तिला फोन जाणार नाही. होडीवर ऐकतात तसं घरातही सगळ्यांनी ऐकलं.

“शेजारची दक्षता तिचे फोटू दावते मना. तिचा नंबर पाठ हाय मना. पण लावला नाय कधी.” भागीरथीने तोंडातला पदर काढला. “वाटलं, सगल्यांबरोबर जाऊ, दर्शनाला म्हणून. पोखऱ्याला तिच्या हॉटेलच्या दारात जाऊन उभी राहीन. आधी सांगितलं न् ती नको येऊ म्हणाली तं? दारात गेल्यावं कोन नको बोलतं?”

पायसने पेटीमागून पोतं काढलं. आतले बोंबील धड आहेत का ते तरी बघावं म्हणून खिशातला चाकू उघडला.

“कापू नको!” भागीरथीने त्याचा हात धरला. “गाठ ह्यांनी बांधलीय.”

पोत्याचं तोंड जाळ्याच्या निळ्या दोरीने आवळलेलं होतं. गाठ नीट, चपटी, दोरीचं टोक आत दडवलेलं.

“दामाजीने?”

“वालवलेपण त्यानीच. निघायच्या आदल्या दिवशी पोतं माझ्याम्होरं ठेवलं, बोलला, तुझ्या नेपालच्या देवाला घेऊन जा.” ती हसली आणि हसतानाच तिचे डोळे भरले. “देव बोंबील खातो काय रे?”

पायसने चाकू मिटला. पोखऱ्याचा नाद सोड, हे जयेशला त्यानेच सांगितलं होतं, आणि ते मागे घेता येत नव्हतं. चढावर इंजिन बसलं असतं तर गाडीभर माणसं दरीच्या कडेला राहिली असती. तेवढी जोखीम त्याने कुणाहीसाठी घेतली नसती. पण त्याच्या खिशात बॉर्डरवर घेतलेलं नेपाळी सिमकार्ड घातलेला फोन होता. आणि एका ट्रकवाल्याने नुकतंच सांगितलं होतं की वालिंगच्या बाजारात मोटारसायकलचं सामान मिळतं, बसचा पाइप हवा तर पोखऱ्याहूनच आणावा लागेल.

“मावशे, मला पाइप पाहिजे,” तो म्हणाला. “पोखऱ्यात माझं कुणी नाही. तुझं आहे.”

“यांनी सांगितलंय, फोन करायचा नाय.”

“घरातून करायचा नाही. हे काय घर आहे?”

भागीरथीने इकडेतिकडे पाहिलं. डोंगर, नदी, रस्त्याकडेला स्टोव्ह मांडून चहा टाकणारा आचारी धोंडीबा, त्याच्याभोवती कप घेऊन उभी डोंबिवली. घर नव्हतं खरं.

तिने नंबर सांगितला, न अडखळता. पायसने लावून फोन तिच्या कानाला दिला. पलीकडून नेपाळीत कुणी काहीतरी म्हणालं. भागीरथीने फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबला. मग ती बाजारात ओरडायची तशा मोठ्या आवाजात बोलली.

“मेघाली, आय बोलते. एक पाइप पायजे.”

पलीकडून बरंच काही ऐकू आलं, पण ते शब्द नव्हते.

“ररू नको. ररते कशाला? आयक. गारीचा पाइप. हा पायस सांगेल तुला, जारा किती, लांब किती.” एवढं बोलून तिने फोन पायसच्या हातात कोंबला आणि पाठ फिरवून उभी राहिली.

पायसने माप सांगितलं. मेघालीने ते दोनदा विचारून घेतलं. आवाज ओला होता, पण माप तिने बरोबर घेतलं. बाजारात हिशेब तीच करायची, हे पायसला आठवलं.

त्यानंतरचा वेळ सगळ्यांनी आपापल्या परीने घालवला. धोंडीबाने पोहे केले. कोळणींनी रस्त्याकडेला फेर धरला आणि खालच्या शेतातल्या दोन नेपाळी बाया वर येऊन तो बघत उभ्या राहिल्या, मग त्याही आत शिरल्या. जयेश अधूनमधून गाडीभोवती फेऱ्या मारत होता. भागीरथी फेरात गेली नाही. गाडीत आपल्या खिडकीशी जाऊन बसली, केस सोडून परत बांधले, पुन्हा सोडून पुन्हा बांधले.

ऊन समोरच्या डोंगरावर चढलं तेव्हा मोटारसायकल आली. टेकबहादूर चालवत होता. मागे मेघाली, अंगात जाकीट, आणि रबरी पाइप हारासारखा गळ्यात घातलेला. बाजारातली परकरातली पोर पायसच्या डोळ्यापुढे होती; ही उतरली ती एक बाई होती. तिने पाइप त्याच्या हातात दिला आणि कुणाला न विचारता नेमक्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली.

“आये, उतर ना.”

“पाय सुजलेत माझे,” खिडकीतून आवाज आला. मग, “केस कशाला कापलेस?”

मेघालीने केसांवर हात नेला. टेकबहादूर तिच्या बाजूला येऊन उभा राहिला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, खिडकीकडे मान वर केली आणि ठाण्याच्या बाजारात रोज सकाळी विचारायचा तेच विचारलं.

“मावशी, आज बोंबील कसे दिले?”

भागीरथीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“तुला नाय परवरायचे,” भागीरथी म्हणाली. हेही जुनंच उत्तर होतं. आणि मग सुजलेल्या पायांनी ती इतक्या वेगाने खाली आली की दारातल्या पायरीवर पायसला तिला धरावं लागलं.

पायस गाडीच्या मागे जाऊन कामाला लागला. बघायचं नाही असं ठरवूनही त्याला दिसत होतं. भागीरथीने पोतं मेघालीच्या पुढ्यात ठेवलं. मेघालीने दोरीला हात लावला आणि तिचा अंगठा गाठीवर थांबला. ती गाठ तिने होडीवर, जाळ्यावर, लहानपणी स्वतःच्या दप्तराच्या तुटलेल्या पट्ट्यावर पाहिलेली होती. ती घालणारा माणूस एकच होता.

“बाबांनी?” तिने विचारलं.

भागीरथीने मान हलवली. मेघाली खाली मातीत बसली, पोतं मांडीवर घेतलं, आणि नखांनी ती गाठ सोडवायला लागली. टेकबहादूरने चाकू पुढे केला, तो तिने बाजूला सारला. गाठ दामाजीची होती, लवकर सुटणारी नव्हती. पायसला इतकं बरं वाटलं की पाइपची पकड आवळताना हात थांबला आणि तो उगीच नाक पुसत राहिला.

थोड्या वेळाने टेकबहादूरने रस्त्याच्या खालच्या अंगाला तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या आणि बोंबील निखाऱ्यावर टाकले. आता लपवायचं काही उरलंच नाही. वास सगळ्या वळणावर पसरला. कोळणी फेर सोडून धावल्या. डोंबिवलीतले दोघेतिघेही पाय मोकळे करायला म्हणून तिकडे गेले आणि परत आले नाहीत. जयेशने एकदा निखाऱ्याकडे पाहिलं, एकदा पायसकडे, आणि हा नियम गाडीच्या आतला आहे, बाहेरचा नाही, असं स्वतःच ठरवून टाकलं. भागीरथी लेकीच्या शेजारी बसून बोंबलाचे तुकडे करून तिच्या हातावर ठेवत होती आणि दोघी एकदमच बोलत होत्या.

पाइप केव्हाच बसला होता. पायसने पाणी भरलं, इंजिन चालू करून पाहिलं, कुठे गळत नाही याची खात्री केली आणि बंद केलं. सगळं ठीक होतं. त्याने मागचं झाकण मात्र उघडंच ठेवलं आणि हातात फडकं घेऊन तिथेच उभा राहिला.

“अंकल, झालं ना?” जयेश आला. “निघू या. उजेड आहे तोवर.”

“निघायचंच आहे. इंजिन गरम आहे.”

“अजून? आत्ता तर चालू करून बघितलंत.”

“म्हणूनच. थंड होऊ दे जरा. उजेडाचं मी बघतो, अजून आहे.”

जयेशचा विश्वास बसला नाही. त्याने वळून हाक मारली, “आसावरी मॅडम, तुम्हीच सांगा यांना. तुम्हाला सकाळचं दर्शन मिळायला पाहिजे ना?”

आसावरीबाई नाकाला पदर लावूनच आल्या. एक नजर घड्याळाकडे टाकली. त्यांनी खालच्या निखाऱ्याकडे पाहिलं, दोन बायकांकडे पाहिलं, त्यांच्यामध्ये पडलेल्या निळ्या दोरीकडे पाहिलं. एका शाळेत एवढी वर्षं काढलेल्या बाईला कुठे काय चाललंय हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. मग त्यांनी पदर सोडला आणि उघड्या झाकणाच्या आत हात घालून तळवा इंजिनावर टेकवला.

ते इंजिन कोमट होतं, फार तर.

आसावरीबाईंनी हात तसाच राहू दिला. बराच वेळ. मग चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि फुंकर मारली.

“जयेश, हात लावू नकोस, भाजशील,” त्या म्हणाल्या. “खूप गरम आहे. सकाळी नाही तर संध्याकाळी होईल दर्शन. सोमवार काय, दिवसभर सोमवारच असतो.”

जयेश खांदे उडवून धोंडीबाकडे चहाला गेला. आसावरीबाई तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, पर्समध्ये टाकलं आणि पर्सची चेन लावली.

“दादा,” त्या हळूच म्हणाल्या, “हा वास येतोय तो क्लचचाच ना?”

“क्लचचाच, बाई.”

“मला वाटलंच,” आसावरीबाई म्हणाल्या, आणि पुन्हा नाकाला पदर लावून, बसायला बरा दगड कुठे आहे ते शोधायला लागल्या.